स्टँड खाली, गिअर पहिला

टेम्पोतून गाडी उतरवून हमिदा पहिलं वाक्य बोलली ते असं, "सदूभाऊ, दुरुस्त करू नका. नुसती चालू करून दाखवा."

सकाळचे दहा वाजले होते. मी नुकतीच दुकानाची फळी उघडून उदबत्ती लावली होती. करमाळ्याहून जेऊरकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं हे दुकान आहे. मोटारसायकलींचं वायरिंग, बॅटरी, सेल्फ एवढंच काम. इंजिनाला मी हात लावत नाही. पण वायरिंगमध्ये आपला हात धरणारा तालुक्यात कुणी नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती, आणि लोकांनीही ती वाढवून ठेवली होती.

हमिदा म्हणजे रसूल मुलाण्याची बायको. रसूल बेकरीतून खारी, बटर, पाव उचलायचा, गाडीच्या मागं पत्र्याची पेटी बांधायचा आणि वीस-बावीस वाड्यावस्त्या फिरून दुपारी परत यायचा. रोज पावणेसातला माझ्या दुकानावरून जाताना हॉर्न द्यायचा. मी शेजारी नळावर दात घासत असायचो, ब्रश वर करायचो. आमची दोस्ती एवढीच, पण दहा वर्षांची. चार महिन्यांपूर्वी कॅनॉलच्या डाव्या वळणावर तो पडला. डोकं पुलाच्या कठड्यावर आपटलं आणि तिथंच संपला. जनाज्याला मी खांदा दिला होता.

नवरा गेल्यावर त्यांच्यात बाईनं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नसतं. त्याला इद्दत म्हणतात. हमिदाचे ते दिवस आदल्या दिवशी संपले होते. तिचं पहिलं पाऊल बाहेर पडलं ते माझ्या दुकानात. सोबत सासरा होता, उस्मानचाचा. म्हातारा लिंबाखालच्या जुन्या टायरवर जाऊन बसला.

"चालू करून काय बगायचंय, वैनी?" मी विचारलं.

"स्टँड खाली ठिवायचा आन् पयला गिअर टाकायचा. गाडी बंद पडती का चालू ऱ्हाती, येवढंच."

माझ्या हातात पाना होता. तो मी उगाचच फडक्यानं पुसत राहिलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गाडीच्या साइड स्टँडला एक लहानसा स्विच असतो. स्टँड खाली असला तरी न्यूट्रलमध्ये इंजिन चालतं, पण गिअर टाकला की टप्पदिशी बंद पडतं. म्हणजे स्टँड खाली ठेवून निघायचं म्हटलं तरी निघता येत नाही. रसूल दिवसातून चाळीस वेळा उतरायचा आणि चाळीस वेळा चढायचा. त्यातल्या निम्म्या वेळा स्टँड काढायचं विसरायचा. गाडी बंद पडली की हसायचा आणि म्हणायचा, "बोलली बग माजी दुसरी. घरची एक बोलती, ही एक बोलती." हमिदासमोरही म्हणायचा. ती गाडीला सवत म्हणायची.

"पडला तवा स्टँड खाली व्हता," हमिदा सांगू लागली. "समद्यांनी बगितलं. पन पडताना आपटून खाली आला का आदीच खाली व्हता, ते कुनालाच म्हाईत न्हाई. आमच्या सासूबाई म्हनत्यात, तू सकाळी भांडलीस, त्याचं चित्त जाग्यावर नव्हतं, म्हनून पडला. आन् भांडले व्हते मी. मला भावाच्या घरी जायचं व्हतं, ते नगं म्हनले. मी तोंडाला यील ते बोलले. डबा तसाच ठिवून गेले. बारा वर्सांत पयल्यांदा."

चाचानं मान खाली घातली.

"आता तुमीच बगा," ती म्हणाली. "स्टँड खाली आसून गाडी चालत आसंल, तर तिचं कायतरी बिगाडलं व्हतं. मंग ते रोजच्यावानी इसरले, आन् गाडी बोलली न्हाई. इसरायचे तर ते रोजच. मी हसून धाडलं तरी इसरायचे. त्यात माजा काय गुन्हा? पन गाडी बंद पडत आसंल, तर स्टँड पडताना खाली आला. मंग ते आपले आपनच पडले. दहा वर्सं रोज घेतलेल्या वळनावर. कशामुळं, ते मंग सासूबाई म्हनत्यात तेच."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही. चार महिने दहा दिवस एका खोलीत बसून तिनं हे इतकं घोटलं होतं की त्यात रडायला जागा उरली नव्हती. माझ्याकडे हजार गिऱ्हाइकं आली असतील. "आवाज यतो", "झटके मारती", यापलीकडे कुणाला धड सांगता येत नाही. इतका नीट मांडलेला बिघाड मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही.

"बगतो," मी म्हणालो. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

गाडी चालू होऊ नये असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं ते त्या दिवशी.

सुरुवात तर माझ्या मनासारखीच झाली. किल्ली फिरवली, एकही दिवा लागेना. बॅटरीला मीटर लावला, जेमतेम तीन व्होल्ट. चार महिने उभी असलेली गाडी, तिची बॅटरी कशाला राहतेय?

"बॅटरी मेली, वैनी. ही आता चार्जबी घ्यायची न्हाई."

"तुमची लावा की. चालवायची कुटं हाय? गिअर टाकायापुरती."

लावली. दुकानातली बॅटरी खाली ठेवून दोन केबल जोडल्या. तरी अंधारच. फ्यूज काढून पाहिला, उडालेला. नवा घातला, किल्ली फिरवली, तोही उडाला. म्हणजे कुठंतरी वायर उघडी पडून सांगाड्याला टेकत होती. सीट काढलं तर खाली उंदरांचा संसार. पेटीतला बटरचा चुरा सांडून सांडून सीटखाली साचलेला, त्याच्या वासानं आले असणार. चुरा संपल्यावर वायरी खाल्ल्या. तीन ठिकाणी तांबं उघडं पडलं होतं.

त्या चुऱ्याकडे पाहून चाचा म्हणाला, "बडीशेपवालं बटर. हेच ज्यास्त खपायचं."

मी एकेक वायर सोलली, जोडली, टेप गुंडाळली. एरवी अर्ध्या तासाचं काम, पण मी तासभर लावला. टेप सुटू नये म्हणून शेवटी वर दोऱ्याची गाठ मारायची माझी पद्धत आहे. उस्तादानं शिकवलेली. इथं दुसरं कुणी मारत नाही. माझ्या हातचं काम गाठीवरून ओळखू येतं, याचा मला केवढा तोरा होता.

या वेळी फ्यूज टिकला. न्यूट्रलचा हिरवा दिवा लागला.

"हां, ह्योच दिवा," हमिदा पुढं झाली.

सेल्फचं बटन दाबलं तर काहीच नाही. टक् सुद्धा वाजेना. रिले, म्हणजे मोटरला वीज सोडणारी डबी, तपासला, तो चांगला होता. स्क्रूड्रायव्हरनं रिलेची दोन टोकं जुळवली तशी मोटर गरकन फिरली. म्हणजे मोटरही चांगली, बटनापासून रिलेपर्यंत वीज पोचत नव्हती. मी क्लचचा स्विच खोलला, साफ केला, बसवला. हँडलवरचं बटन खोललं, पॉलिश पेपर मारला, बसवलं. पुन्हा काही नाही. घाम पुसत बसलो. मनात म्हटलं, सांगावं, की नाही होत.

"सदूभाऊ," हमिदा वाकून म्हणाली, "ह्ये लाल बटन नेहमी खालीच दाबल्यालं आसतंय व्हय?"

इंजिन बंद करायचा लाल खटका. तो खाली दाबलेला होता. तो दाबलेला असला की गाडी मेल्यासारखीच. सेल्फ लागत नाही म्हटलं की सगळ्यात आधी हाच बघायचा असतो. पण बघायचं हे आधी ठरवावं लागतं. मी खटका वर केला.

"कुनी दाबला?" तिनं विचारलं.

"पडल्यावर दाबला आसंल कुनीतरी. इंजिन बंद कराया."

बोलून गेलो आणि जीभ चावली. तिनं माझ्याकडे एकटक पाहिलं.

"म्हंजे इंजिन चालू व्हतं? ते पडल्यालं, स्टँड खाली, आन् इंजिन चालूच?"

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही.

"तसं न्हाई," मी म्हणालो. "भ्याल्याला मानूस बंद गाडीचंबी बटन दाबतो. आपघात बगितला की हात आधी थितंच जातो."

त्या दिवसाचं हे पहिलं खोटं. इतकं सहज निघालं की माझं मलाच नवल वाटलं. तिनं चाचाकडे पाहिलं. चाचा म्हणाला, "आमी पोचलो तवा समदं थंड व्हतं, बेटी." ती पुन्हा खाली बसली.

दुपारची अजान झाली. चाचा काठी टेकत मशिदीकडे गेला. जाताना "आलोच" म्हणाला.

"आता काय ऱ्हायलंय?" हमिदानं विचारलं. "दाबा की बटन."

"खालची येक वायर तेवढी बगू द्या. थितंबी उंदरानं तोंड घातलंय का ते."

मी पोतं अंथरलं आणि गाडीच्या डाव्या अंगाला आडवा झालो. स्टँडच्या वर, इंजिनच्या पोटाशी, चिखलाच्या खपलीखाली काळी टेप होती. टेपवर दोऱ्याची गाठ होती.

ती तिथं असणार हे मला माहीत होतं. चार महिने दहा दिवस मलाही माहीत होतं.

रसूल मेला त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. सकाळी सातला गाडी ढकलत आला. इंजिन चालू व्हायचं, पण स्टँड वर असला तरी गिअर टाकला की बंद. मी पाच मिनिटांत सांगितलं, स्टँडचा स्विच गेला. चिखलपाण्यानं सडला होता. नवा सोलापूरहून मागवावा लागणार होता. रसूलच्या पेटीत ताजा माल, वाड्यांवर माणसं चहा टाकून बसलेली. "सदू, डायरेक्ट कर अन् सोड मला," तो म्हणाला. मी स्विचच्या दोन वायरी तोडल्या, एकमेकींना जोडल्या, टेप मारली, गाठ मारली. झालं डायरेक्ट. स्टँड वर असो की खाली, गाडी आता गुमान चालणार. "स्टँड बगत जा रं," म्हटलं. "बगतो की," म्हणाला. दहा वर्षं ज्याला गाडीनं आठवण दिली, त्याला मी तोंडानं एकदा सांगून मोकळा झालो. आमच्या धंद्यात हे सगळेच करतात. गिऱ्हाईकही खूश, आपणही खूश.

नवा स्विच चौथ्या दिवशी आला. पाकिटावर मी पेन्सिलीनं 'रसूल' लिहिलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं. तो रोज समोरून जायचा, हॉर्न द्यायचा. मी ब्रश वर करायचो. एकदा ओरडून सांगितलं, "स्विच आलाय!" तो म्हणाला, "रविवारी यतो." रविवारी मीच मेव्हण्याच्या लग्नाला गेलो, दुकान बंद. पुढच्या रविवारी मी विसरलो, तोही विसरला असेल. मंगळवारी तो कॅनॉलच्या वळणावर डावीकडे कलला, आणि खाली राहिलेला स्टँड रस्त्याला टेकला.

पोत्यावर आडवा पडून मी त्या गाठीकडे पाहत होतो. मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं उठायचं, बटन दाबायचं, गिअर टाकायचा. गाडी चालूच राहिली असती, आणि ती बाई आपल्या गुन्ह्यातून सुटली असती. पण पुढचा प्रश्न तिनं विचारलाच असता, कुणी केलं हे? तिनं वाकून पाहिलं असतं. थोड्या वेळापूर्वी तिच्या डोळ्यांसमोर मी तीन वायरींवर तशाच तीन गाठी मारल्या होत्या. पोलीस, कोर्ट, बाजारातली माणसं, माझी बायको, सगळे एकदम डोळ्यांपुढं आले. मी भ्यालो. याहून मोठं कारण मी तेव्हापासून शोधतोय, सापडलेलं नाही.

उठलो. ड्रॉवर उघडला. पाकीट तिथंच होतं. नाव हाताखाली झाकून फाडलं, स्विच बाहेर काढला आणि पाकीट ड्रॉवरमध्ये मागं सारलं.

"वैनी, जरा टॉर्च धरता का? खाली दिसंना."

ती आली. गुडघ्यावर बसली आणि टॉर्च धरला. मी पक्कडीनं गाठ तोडली.

"ह्ये काय बदलताय?"

"उंदरानं खाल्ल्याली वायर."

"बरं." थोड्या वेळानं म्हणाली, "उजेड नीट पडतोय न्हवं?"

"पडतोय."

दहा मिनिटं तिनं हात हलू दिला नाही. मी नवा स्विच बसवला, दोन्ही वायरी त्याला जोडल्या आणि वरून रस्त्यावरचा चिखल चोळला. जुनी टेप मुठीत घेऊन उठलो.

चाचा आल्यावर बटन दाबलं. सेल्फ फिरला, इंजिन दोनदा खोकलं आणि तिसऱ्यांदा लागलं. चार महिन्यांनी तो आवाज ऐकून म्हातारा चटकन उभा राहिला. जणू घराच्या फाटकातून रसूलच आला.

"गिअर टाका," हमिदा म्हणाली.

स्टँड खाली होता. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. टप्प. गाडी बंद.

"परत."

पुन्हा केलं. पुन्हा बंद.

"मला करू द्या."

कसं करायचं ते मी दाखवलं. तिनं दोन्ही हातांनी क्लच दाबून धरला, चप्पल काढून पायानं गिअर दाबला. गाडी तिच्या हाताखाली बंद पडली. ती तशीच क्लच धरून उभी राहिली. मग एकेक बोट सोडवत हात काढून घेतला.

"म्हंजे गाडी बरूबर व्हती," ती म्हणाली.

आत्ताही वेळ होती. ड्रॉवर दोन पावलांवर होता. जुनी टेप माझ्या मुठीत होती.

"व्हय," मी म्हणालो.

"बेटी, गाडीचं काय खरं आसतंय?" चाचा म्हणाला. "त्याची वेळ भरली व्हती. तुजा काय दोष?"

"ऱ्हाऊ द्या, चाचा." तिनं चप्पल पायात घातली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माजी मा, भाऊ, ह्ये चाचा, समदी म्हनत्यात, तुजा गुन्हा न्हाई. मला बरं वाटावं म्हनून खोटं बोलत्यात. तुमी येकट्यानं खरं करून दाखवलं. अल्ला तुमचं भलं करो, सदूभाऊ."

गाडी तिनं नेली नाही. "हितंच ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "घरात नगं."

याला आता चौदा वर्षं झाली. चाचा गेला. त्याआधी कधी भेटला की सांगायचा, सासू अंथरुणाला खिळलीय, हमिदाच तिचं सगळं करते. आल्यागेल्याला सासू तीच गोष्ट ऐकवते, उपाशी पोटी धाडला हिनं माझ्या पोराला, आणि हमिदा ऐकत उशी नीट करते, उलट बोलत नाही. भावाच्या घरी ती त्यानंतर कधीच गेली नाही. भाऊ दोनदा न्यायला आला, तरी नाही.

मी एकदा गेलो होतो, सांगायचं असं पक्कं ठरवून. दारात तिनंच पाहिलं, आत बोलावलं, चहा दिला, बशीत दोन बटर ठेवली. सासूला म्हणाली, "अम्मी, सदूभाऊ आल्यात. यांनीच मला खरं सांगितलं व्हतं." म्हातारीनं पडल्या पडल्या मला हात जोडले. मी चहा पिऊन परत आलो.

डायरेक्ट करायचं मी सोडलं. गिऱ्हाइकं चिडतात, पुढच्या दुकानात जातात, तिथं दोन मिनिटांत करून मिळतं. रसूलचं नाव लिहिलेलं पाकीट ड्रॉवरमध्ये आहे.

गाडी मागच्या पडवीत आहे. वर्षातून एकदा, त्या मंगळवारच्या तारखेला, मी दुकानातली बॅटरी लावून ती चालू करतो. स्टँड खाली ठेवतो आणि पहिला गिअर टाकतो. गाडी बंद पडते. चौदा वर्षांत एकदाही चुकलेली नाही. स्विच चांगला निघाला.